अशक्त मांजरपिल्लू : आधी ऊब, मग साखर, दूध सर्वांत शेवटी

माळ्यावर, जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत व्यायलेल्या मांजरीच्या चार-पाच पिल्लांपैकी एखादे बाजूला पडलेले, थंडगार आणि निपचित आढळले, की घरातले कोणीतरी लगबगीने वाटीत दूध कोमट करून आणते. हेतू चांगला असतो. पण नेमक्या त्या क्षणी दूध पाजणे हीच बहुधा त्या पिल्लाच्या जिवावर बेतणारी गोष्ट ठरते. अशक्त नवजात पिल्लाला वाचवण्याचे बरेचसे शास्त्र क्रमात आहे. प्रथम शरीर गरम करायचे, मग रक्तातील साखर आणि पाणी सावरायचे आणि त्यानंतरच दुधाचा विचार करायचा. हा क्रम का पाळायचा हे एकदा कळले, की पुढच्या बहुतेक सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : पिल्लाला खरोखरच आपली गरज आहे का? मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर त्यात पुष्कळ तथ्य आहे, कारण जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि मधल्या काळात उरलेली पिल्ले एकटी दिसतात. पिल्ले उबदार असतील, पोटे गोल असतील आणि ती एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील, तर आई जवळपास आहे असे समजून दुरूनच काही तास लक्ष ठेवावे. उलट पिल्लू थंड किंवा ओले असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील किंवा कुत्र्यांचा अन् कावळ्यांचा धोका असेल, तर वाट पाहत बसू नये. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते ही समजूत सहसा खरी ठरत नाही. गरम करून, सावरून परत ठेवलेले पिल्लू बहुतेक मांजरी स्वीकारतात.

ऊब ही पहिली गरज का?

जन्माच्या वेळी मांजराच्या पिल्लाचे वजन साधारण ९० ते ११० ग्रॅम असते. एवढ्याशा देहात उष्णता साठवायला जागा थोडी आणि ती बाहेर टाकणारी कातडी त्या मानाने फार. शिवाय पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कापरेही भरत नाही, म्हणजे मोठ्या प्राण्याकडे असलेले स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करण्याचे साधन त्याच्याकडे नसते. जन्मतः असलेली थोडी विशिष्ट चरबी, आईचे पोट आणि भावंडांची गर्दी एवढ्यावरच त्याचे शरीर तापलेले राहते. मोठ्या मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे मात्र निरोगी असतानाही ३५ ते ३७ अंश, म्हणजे ९५ ते ९९ अंश फॅरनहाइट एवढेच असते. त्यामुळे आईपासून तुटलेले पिल्लू रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यातही, फरशीवर पडून राहिले तर, गारठू शकते. पावसाळ्याची तर गोष्टच सोडा.

तापमान सुमारे ३४ अंशांच्या, म्हणजे ९४ फॅरनहाइटच्या खाली गेले की शरीर एकेक कारभार बंद करू लागते. हृदयाचे ठोके मंदावतात, चोखण्याची आणि गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते आणि आतड्यांची हालचाल जवळजवळ ठप्प होते. अशा वेळी पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते, आंबते, पोट फुगवते. नाहीतर गिळता न आल्याने श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. दूध देऊनही पिल्लू गेले, असे जे आपण ऐकतो, त्यातल्या अनेक घटनांत ते दूध दिल्यामुळेच गेलेले असते.

थर्मामीटर हाताशी नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी पिल्लाच्या तोंडात अलगद घालून पाहावी. तोंडाचा आतला भाग थंड लागला आणि पिल्लू बोट चोखत नसेल, तर दुधाची बाटली बाजूला ठेवावी. हीच परीक्षा पुढे प्रत्येक वेळी पाजण्यापूर्वी करायची आहे.

गरम करणे हे काम सावकाशीचे आहे. फार गारठलेल्या पिल्लाचे तापमान एक ते तीन तासांत हळूहळू वर यावे. एकदम जास्त उष्णता दिली तर कातडीकडे रक्त धावते आणि हृदयावर ताण येतो. सर्वांत सोपा आणि सुरक्षित उपाय म्हणजे ओले पिल्लू कोरडे पुसून आपल्या कपड्यांच्या आत, छातीशी धरून बसणे. कमी वजनाच्या मानवी बाळांसाठी कांगारू पद्धत वापरतात, तिचे तत्त्व हेच. घरात दुसरा माणूस असेल तर त्याने तोवर पुठ्ठ्याचे खोके तयार करावे : तळाशी जुना टॉवेल किंवा सुती साडीची घडी, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आणि दुसरी बाजू मुद्दाम थंड. हा दुसरा भाग अनेकजण विसरतात. नवजात पिल्लाला उडी मारून पळता येत नाही, पण सरपटत ते गरम भागापासून दूर जाऊ शकते, आणि तेवढी जागा त्याला नसेल तर ते भाजते किंवा तापते. पिशवी नसेल तर कोमटाहून थोडे गरम पाणी भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली मोज्यात घालून ठेवावी; मात्र पाणी निवले की तीच बाटली पिल्लाची उष्णता शोषू लागते, म्हणून तासा-दीड तासाने ती बदलावी लागते. बल्ब लावायचा असल्यास तो खोक्यापासून बराच वर असावा. पहिल्या आठवड्यात खोक्याच्या गरम बाजूचे तापमान २९ ते ३२ अंशांच्या आसपास हवे; पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवता येते. हेअर ड्रायर, तवा, विजेची शेगडी यांच्या नादाला लागू नये.

साखर आणि पाणी

पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नगण्य असतो, त्यामुळे काही तासांची उपासमार झाली तरी रक्तातील साखर घसरते. मान लटकणे, अंग लुळे पडणे, अधूनमधून झटके येणे ही त्याची लक्षणे असतात. शरीर गरम होत असतानाच अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर किंवा ग्लुकोज विरघळवून त्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांवर चोळावेत आणि दर काही मिनिटांनी पुन्हा चोळावेत. घशात काही ओतायचे नाही. हिरड्यांतून थोडी साखर शोषली जाते आणि पिल्लू शुद्धीवर असेल तर उरलेली ते जिभेने चाटते.

पाण्याचे गणितही असेच नाजूक आहे. नवजात पिल्लाच्या शरीरात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि मूत्रपिंडे अजून पाणी राखून ठेवायला शिकलेली नसतात. मोठ्या जनावरात मानेची कातडी चिमटीत धरून शोष पाहतात. लहान पिल्लात ती खूण फसवी असते. त्याऐवजी हिरड्या बोटाला चिकट लागतात का, आणि लघवीचा रंग कसा आहे हे पाहावे. चांगल्या पिल्लाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. ती गडद पिवळी दिसली की शोष पडला आहे असे धरावे. अशा पिल्लाला त्वचेखाली कोमट सलाईन द्यावे लागते आणि ते काम पशुवैद्यकांचे आहे. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. पण लहान गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, जिथे दिवसभर गाई-म्हशी अन् शेळ्याच येतात, तिथेही एवढे उपचार होऊ शकतात. मांजराचे पिल्लू घेऊन जायला संकोचण्याचे कारण नाही.

कोणते दूध?

आई जिवंत आणि धडधाकट असेल तर उत्तर एकच : तिचेच. पिल्लांच्या ढकलाढकलीत दुबळे पिल्लू मागे पडते, म्हणून दर दोन तासांनी धष्टपुष्ट भावंडांना पंधरा-वीस मिनिटे बाजूला ठेवून त्याला एकट्याला आचळाशी लावावे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, हेही लक्षात ठेवावे. आई खंगलेली असेल तर पिल्लासाठी केलेली पहिली खरेदी आईच्या खाण्याची असावी. तिचे एखादे आचळ कडक, गरम आणि लाल झाले असेल तर मात्र तिलाच दवाखान्यात न्यावे. आई नसेल आणि ओळखीत कुठे नुकतीच व्यायलेली दुसरी मांजर असेल, तर तिच्याकडे पिल्लू लावून पाहणे हा दुसरा उत्तम मार्ग आहे, कारण बऱ्याच मांजरी परके पिल्लू सांभाळून घेतात.

पहिल्या दिवसाच्या दुधाचे, म्हणजे चिकाचे, महत्त्व वेगळे आहे. रोगांशी लढणारी प्रतिपिंडे पिल्लाला मुख्यतः चिकातून मिळतात आणि त्यांना वाट देणारी आतड्याची दारे जन्मानंतर साधारण १६ ते २४ तासांत बंद होतात. चीक न मिळालेले पिल्लू वरच्या दुधावर वाढू शकते, पण त्याची प्रतिकारशक्ती तोकडी राहते. त्याच्या बाबतीत हात धुण्याचा आणि बाहेरच्या मांजरांपासून दूर ठेवण्याचा नियम अधिक कडकपणे पाळावा लागतो.

आता वरच्या दुधाविषयी. मांजरीच्या दुधात प्रथिने सात टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतात. गाईच्या दुधात ती तीन ते साडेतीन टक्के असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाहून काकणभर जास्तच. परिणामी, गाईच्या दुधातून पुरेशी प्रथिने मिळवायची तर पिल्लाला दुप्पट दूध प्यावे लागेल आणि त्याबरोबर दुपटीहून जास्त लॅक्टोज पोटात जाईल, जे न पचल्याने जुलाब होतात. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब म्हणजे काही तासांत शोष. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, पण प्रथिने चार टक्क्यांच्या घरातच. शेळीचे दूध पचायला हलके मानले जाते, तरी प्रथिनांच्या बाबतीत तेही गाईच्या पंगतीतलेच. माणसाच्या बाळासाठी मिळणारी दूध पावडर सर्वांत चुकीची, कारण ती मानवी दुधाच्या धर्तीवर बनवलेली असते : प्रथिने दीड टक्क्याच्या आसपास आणि लॅक्टोज सात टक्क्यांच्या आसपास. शिवाय टॉरिन हा घटक मांजराचे शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही आणि गाईच्या दुधात तो फार थोडा असतो. त्याची दीर्घकाळ उणीव राहिली तर डोळे आणि हृदय बिघडतात.

म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी खास तयार केलेली दूध पावडर, जिला दुकानात किटन मिल्क रिप्लेसर म्हणतात, तीच आणावी. ती महाग वाटते, पण चार-पाच आठवड्यांचाच प्रश्न असतो. शहरांत पेट शॉपमध्ये आणि अन्यत्र ऑनलाइन ती मिळते. ती हाती येईपर्यंतची एखादी रात्र काढण्यासाठी काही पशुवैद्य शेळीच्या किंवा गाईच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक मिसळून द्यायला सांगतात. प्रमाण त्यांनाच फोनवर विचारावे. दुधात पाणी घालून ते ‘हलके’ करण्याची सवय मात्र सोडावी. जे मुळातच अपुरे आहे ते पाणी घातल्याने आणखी अपुरे होते.

पाजायचे कसे आणि किती?

मांजराचे पिल्लू माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजायचे नसते. इतर सर्व सूचना विसरल्या तरी एवढी विसरू नये. आईला पिताना ते पोटावर पालथे असते, पुढचे पाय टेकलेले आणि मान किंचित वर. टेबलावर टॉवेल अंथरून त्याला तसेच ठेवावे. उताण्या पिल्लाच्या तोंडातले दूध सरळ श्वासनलिकेकडे घरंगळते.

बोंडल्याने किंवा चमच्याने दूध ओतणे धोक्याचे आहे. कापसाची वात दुधात भिजवून चोखायला देण्याची जुनी पद्धत त्यामानाने सौम्य. पण त्यातून पोटात किती गेले हे कळत नाही आणि कापसाचे धागे गिळले जाण्याची भीती असते. पिल्लांसाठीची छोटी बाटली, किंवा सुई काढलेली एक-दोन मिलिलीटरची सिरिंज घ्यावी. बाटलीच्या बोंडाला पाडलेले भोक एवढेच असावे, की बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबथेंब पडेल. धार लागता कामा नये. सिरिंजने एकेक थेंब जिभेवर सोडावा आणि पिल्लाने गिळल्यावरच पुढचा द्यावा. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतके, साधारण ३७-३८ अंश असावे. पावडर उकळून निवलेल्या पाण्यात, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावी. तयार केलेले दूध फ्रिजमध्ये एक दिवस टिकते, पण बाटलीत उष्टे राहिलेले फेकून द्यावे.

प्रमाणाचा ढोबळ हिशेब असा : दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसभरात सुमारे २० मिलिलीटर, आणि एका वेळी ४ मिलिलीटरपेक्षा जास्त नाही, कारण पोटच तेवढे असते. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी जेमतेम दोन मिलिलीटर. दुसऱ्या आठवड्यात तीन तासांचे आणि तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांचे अंतर चालते. फार दुबळ्या पिल्लाला पहिल्या दिवशी निम्म्यानेच सुरुवात करावी. कमी पाजण्यापेक्षा जास्त पाजण्याची चूक अधिक होते, आणि पातळ, पिवळट शी सुरू झाली की पहिला संशय जास्त पाजल्याचाच घ्यावा. नाकातून दूध आले तर लगेच थांबून पिल्लाचे तोंड खाली करून नाक पुसावे. प्रत्येक वेळी नाकातून येत असेल तर तोंड उघडून टाळूला चीर नाही ना हे पाहावे. हे जन्मजात व्यंग फारसे विरळा नाही.

चोखण्याची ताकदच नसलेल्या पिल्लाला पातळ नळीने थेट पोटात दूध देता येते. व्हिडिओ पाहून मात्र ही गोष्ट शिकू नये. नळी फुप्फुसात गेली तर सुधारणेची संधी राहत नाही. डॉक्टरांनी एकदा समोर करून दाखवले की घरी जमते.

पाजून झाल्यावर काम निम्मेच होते. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून लघवी किंवा शी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा शेपटीखाली अगदी हलक्या हाताने फिरवावा. लघवी दर वेळी व्हायला हवी, शी दिवसातून एक-दोनदा झाली तरी पुरे. हे न केल्यामुळे पोट टम्म फुगलेल्या पिल्लाला पुष्कळजण भूक लागली असे समजून आणखी दूध पाजतात.

वजनकाटा

पिल्लू सुधारते आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याला कळते. रोज एकाच वेळी, पाजण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. दिवसाला १० ते १५ ग्रॅमची भर पडली पाहिजे, आणि साधारण दहा-बारा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवे. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. त्यानंतर २४ तासांत वजन अजिबात वाढले नाही, तर दिसायला कितीही बरे वाटले तरी पिल्लू संकटात आहे. निरोगी पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपते. पंधरा-वीस मिनिटे सतत केकाटणारे पिल्लू थंड, भुकेले किंवा आजारी असते, आणि केकाटण्याचेही थांबून जे निपचित पडते त्याची चिंता त्याहून अधिक.

घरगुती औषधांविषयी कठोर शब्दांत सांगणे भाग आहे. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे. लहान मुलांचे तापाचे थेंबसुद्धा जीव घेतात. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधांत अनेकदा परमेथ्रिन असते, तेही मांजरांना मारक. पिसवा मात्र दुर्लक्षिण्यासारख्या नसतात, कारण एवढ्याशा देहातले रक्त पिऊन त्या पिल्लाला पांढरेफटक करू शकतात. बारीक दातांच्या फणीने त्या काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात आणि पिल्लू कोरडे, गरम राहील याची काळजी घ्यावी.

एवढे सगळे वेळेवर करूनही काही पिल्ले राहत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू कोमेजून जाणाऱ्या अशा पिल्लांच्या अवस्थेला पशुवैद्यक फेडिंग किटन सिंड्रोम म्हणतात. तो एक आजार नाही. जंतुसंसर्ग, जन्मजात दोष, आई आणि पिल्लू यांच्या रक्तगटांचा न जुळणारा मेळ अशी वेगवेगळी कारणे त्याच्या पोटात असतात, आणि त्यांतली काही घरात बसून रोखता येण्यासारखी नसतात. एक पिल्लू गेले की उरलेल्यांचे वजन आणि तापमान त्याच दिवशी तपासावे. दुसरेही मागे पडत असेल तर संसर्गाची शक्यता धरून दवाखाना गाठावा.

जे तगते त्याचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. पापण्या आपण उकलू नयेत. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात हिरड्यांतून वर येतात आणि पिल्लू डुगडुगत चालू लागते. चौथ्या आठवड्यात त्याच दुधात पिल्लांचे ओले खाद्य कालवून बशीत ठेवावे. पहिले दोन दिवस ते खाण्याऐवजी त्यात लोळते, ते चालायचेच. जंतांचे औषध तिसऱ्या आठवड्यापासून, पण वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवून द्यावे, आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान टोचावी. आई मांजर घराजवळच वावरत असेल, तर पिल्ले अंगावरची सुटली की तिच्या नसबंदीची तारीख त्याच भेटीत डॉक्टरांकडून घ्यावी, कारण पिल्ले अंगावर पीत असतानासुद्धा मांजरी पुन्हा गाभण राहू शकते आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो.